नजरेची नोंद कोणाच्या वहीत?

माण तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही दिव्यांग प्रमाणपत्रांच्या कामासाठी घरोघर फिरत होतो. एका आजींच्या दारात टेकलो. वय विचारले, तर म्हणाल्या, "दुष्काळात खडी फोडायला व्हते, तवा थोरला पोटात व्हता." म्हणजे १९७२ चा दुष्काळ. त्यांचा उजवा डोळा पांढुरका झाला होता. त्या डोळ्याचे काय झाले, असे विचारल्यावर त्या सांगू लागल्या, "आपरेशन झालं की बाळा. गाडी आली व्हती न्यायला. पट्टी काढली तवा धुरकट दिसलं. मग तेबी गेलं. कुणाला सांगू?"

आशाताईंनी आपली वही काढून दाखवली. आजींच्या नावापुढे 'ऑपरेशन झाले' अशी नोंद होती. शिबिराच्या यादीतही नाव असणार. म्हणजे त्या वर्षी झालेल्या मोतीबिंदू शस्त्रक्रियांच्या आकड्यात या आजी एक आहेत. ज्या डोळ्याने त्यांना आज दिवस-रात्र कळत नाही, तो डोळा कागदोपत्री बरा झालेला आहे.

इथे कुणा डॉक्टरवर आरोप करण्याचा आमचा हेतू नाही. शस्त्रक्रिया चांगल्या हातूनही बिघडते. आमचा प्रश्न वहीचा आहे. आजींना नंतर किती दिसले, याचा रकानाच त्या वहीत नव्हता. त्या कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या समाजाच्या, त्यांना परत तपासणीला कोण नेणार होते, याचाही रकाना नव्हता. असे रकाने का नसतात, हे शोधायला आम्हाला आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासात मागे जावे लागले. जे सापडले ते इथे मांडत आहोत. आमचे म्हणणे एवढेच आहे की देशाच्या दृष्टिआरोग्याचे आकडे सुधारायचे असतील, तर आधी वही कोणाच्या हातात आहे आणि तिच्यात कोण दिसत नाही, हे तपासावे लागेल.

चालणारे पाय आणि लिहिणारा हात

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. पण वाळवा, तासगाव, खानापूर हा मुलूख इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्यातच होता. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे जुने सातारा म्हटले की त्यात आजची बरीच सांगलीही येते.

या मुलखातल्या गावगाड्यात माहिती गोळा कोण करत होते? गावाची शीव कुठून कुठे जाते हे महाराला ठाऊक. शिवेचा वाद निघाला की साक्ष महाराची. परगावी मयताची खबर पोचवायची ती महाराने. गावात कोण आले, कोण गेले, हे वेशीवर बसलेल्या वेसकराला माहीत. गावाची सगळी माहिती ज्याच्या पायांनी आणि डोळ्यांनी गोळा होत होती, त्याच्या हातात लेखणी मात्र नव्हती. ती कुलकर्ण्याच्या हातात होती. महाराने सांगायचे आणि कुलकर्ण्याने लिहायचे. काय लिहायचे आणि काय गाळायचे, हेही कुलकर्ण्यानेच ठरवायचे. आणि लिहिलेले वाचून पाहण्याची सोय सांगणाऱ्याला नव्हती.

हे ओळखणारा राजा सांगलीच्या शेजारीच होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद केली, पगारी तलाठी नेमले आणि अस्पृश्य समाजातल्या तरुणांनाही तलाठी केले. इतिहासाच्या पुस्तकांत हे 'प्रशासकीय सुधारणा' या मथळ्याखाली दोन ओळींत येते. आमच्या मते तो दप्तर कोणाच्या हातात असावे, याचा निकाल होता. ज्या समाजाची फक्त नोंद होत होती, त्या समाजातला माणूस पहिल्यांदा नोंद करणारा झाला.

हे सूत्र ध्यानात ठेवून पुढे जाऊ. कोण चालतो, कोण लिहितो आणि कोण लिहिला जात नाही?

आंधळ्यांची मोजणी झाली, उपचार राहिले

इंग्रज सरकारने जनगणना सुरू केली तेव्हा 'व्यंग' म्हणून चार गोष्टी नोंदवल्या जात: वेड, मूकबधिरपणा, अंधत्व आणि महारोग. आश्चर्य वाटेल, पण १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत निवडक जातींनुसार व्यंगांचे वेगळे तक्ते होते. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारकडे 'अमुक जातीत अंध किती' हा प्रश्न होता आणि त्याचे छापील उत्तरही होते.

यावरून इंग्रज फार न्यायी होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांना जातींची वर्गवारी करण्याची हौस होती आणि त्या वर्गवारीला राज्यकारभाराचा उपयोग होता. गावोगाव मोजणी करणारे जे हात होते, ते लिहिता-वाचता येणाऱ्यांचेच होते. ते कोणत्या घरांत जन्मले होते, हे सांगायला नको. असा गणक महारवाड्याच्या शेवटच्या घरापर्यंत जाऊन म्हातारीचा डोळा पाहून आला असेल, यावर आम्ही विश्वास ठेवू शकत नाही. दुरून विचारून जे कळले तेच लिहिले गेले असणार. आणि एवढे लिहूनही तक्ता तक्ताच राहिला. ज्या जातीत अंध जास्त, तिच्या वस्तीजवळ दवाखाना काढा, असे धोरण त्यातून निघाले नाही.

त्या काळी माणसे आंधळी होण्याचे एक मोठे कारण देवी हा रोग होता. 'देवीने डोळे नेले' हे वाक्य आमच्या आज्यांच्या तोंडी आम्ही स्वतः ऐकले आहे. रोगाला देवी म्हटले की त्याला नवस बोलता येतो, जाब विचारता येत नाही. हिंदुस्थानात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला दिली गेली. पुढे कित्येक दशके लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी नेली जाई. तेव्हा 'खालच्या' जातीच्या मुलाच्या अंगातले द्रव्य आपल्या मुलाच्या अंगात नको, म्हणून उच्चवर्णीयांनी हरकती घेतल्या. डोळा गेला तरी चालेल, पण विटाळ नको, असा तो हिशोब होता. शेवटी १९७० च्या दशकात देशातून देवीचे उच्चाटन झाले, ते नवसाने झाले नाही. दारोदार जाऊन रुग्ण शोधणाऱ्या आणि लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ते केले. घर न घर मोजल्याशिवाय रोग जात नाही, हा त्यातला धडा होता.

मिरजेचा दवाखाना

आता मिरजेकडे वळू. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आले. १८९४ मध्ये मिरजेचे मिशन रुग्णालय उभे राहिले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्याने कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रुग्ण तिथे येत. त्यांत मोतीबिंदूचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. त्याआधी सुईने मोतीबिंदू डोळ्यातच मागे ढकलणारे फिरते वैद्य गावोगाव हिंडत. त्याने चार दिवस दिसे आणि पुढे अनेकांचा डोळा कायमचा जाई. वैद्य मात्र तोवर पुढच्या गावी पोचलेला असे. माणच्या आजींची गोष्ट ऐकताना आम्हाला या फिरत्या वैद्यांची आठवण झाली. डोळ्याला हात लावला की काम संपले आणि निकाल पाहायला कोणी थांबले नाही, एवढे साम्य आजही उरले आहे.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता. तो लपवायचे कारण नाही आणि त्याचे कौतुक करणे हा आमचा विषय नाही. पण दोन गोष्टी त्या दवाखान्याने केल्या, त्या नोंदवल्या पाहिजेत. पहिली म्हणजे स्पर्श. डोळा दुरून तपासता येत नाही. पापणी उलटावी लागते, बुबुळाजवळ तोंड न्यावे लागते, रुग्णाचे डोके हातात धरावे लागते. ज्या समाजाच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता, त्या समाजाच्या माणसाचे डोके कोणीतरी हातात धरणे, हीच त्या काळात मोठी घटना होती.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर बाबासाहेबांनी आपल्या आठवणीवजा लेखनात दिलेला काठियावाडचा प्रसंग आठवावा. १९२९ मध्ये एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. तिला वस्तीबाहेर आणल्यावर त्याने थर्मामीटर आधी एका मुसलमान माणसाच्या हातात दिला. त्याने तो नवऱ्याला दिला आणि नवऱ्याने बायकोला लावला. डॉक्टरने तिला हात न लावताच रोग ठरवला. ती बाई वाचली नाही. ज्या देशात ताप मोजायला थर्मामीटर तीन हातांतून जात होता, तिथे डोळा तपासायला कोण गेले असेल?

दुसरी गोष्ट म्हणजे मनुष्यबळ. एका डॉक्टरने सगळे होणार नाही, हे वानलेस यांनी लवकर ओळखले. १८९७ पासून त्यांनी मिरजेत हिंदी तरुणांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात केली. स्थानिक माणूस तयार करा, तो स्थानिक भाषेत रुग्णाशी बोलेल, हा विचार आजच्या नेत्रआरोग्याच्या चर्चेत फार नवा म्हणून सांगितला जातो. तो मिरजेत सव्वाशे वर्षांपूर्वीच अमलात आला होता. १९६२ मध्ये मिरजेलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्यामागे ही परंपरा होती.

या परंपरेला आपल्या बाजूनेही एक दुवा आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीमाईंनी, १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रुग्ण पोचवले आणि त्यातच प्राण गमावला. रुग्णाला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणणारे माणूस हा आरोग्यसेवेचा पहिला कर्मचारी असतो. त्याची नोंद मात्र कोणत्याच मनुष्यबळाच्या तक्त्यात होत नाही.

आकड्यासाठी लढलेला माणूस

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. आज आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्यानंतर थोड्याच काळाने याच जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनवर उतरून ती मुले वडिलांकडे गोरेगावला निघाली होती. खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांना काम म्हणून तळे खोदणे चालू होते आणि रामजी सुभेदार तिथे रोखपाल होते. गाडीवान त्या मुलांना गाडीत घ्यायला तयार नव्हते. वाटेत पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आपल्या सर्वांना पाठ आहे. आम्हाला त्यातली एक बाजू पुढे आणायची आहे. दुष्काळी कामाच्या हजेरीपटावर किती मजूर, किती रोज, हे सगळे लिहिले जात होते. पण त्या कामावर येणाऱ्या लेकरांना रस्त्यात पाणी मिळते का, याचा रकाना कुठेही नव्हता.

पुढे हाच मुलगा आकड्यासाठी लढला. १९३२ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीवर बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळणार असे दिसताच अनेक प्रांतांत अचानक 'आमच्याकडे अस्पृश्य नाहीतच' असा सूर निघाला. संयुक्त प्रांतात जनगणनेप्रमाणे सव्वा कोटीहून अधिक असलेले अस्पृश्य प्रांतिक समितीने सहा लाखांवर आणून ठेवले. माणसे होती तिथेच होती, फक्त कागदावरून नाहीशी झाली. बाबासाहेबांनी १ मे १९३२ रोजी आपली वेगळी टिपणी सादर केली. आकडा कमी केला की हक्क कमी होतो, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते.

म्हणून आमच्या चळवळीतल्या ज्या मित्रांना 'डेटा' हा शब्द साहेबी आणि कोरडा वाटतो, त्यांना आमची विनंती आहे. हा विषय चळवळीबाहेरचा नाही. तो बाबासाहेबांनीच आपल्या हातात दिलेला आहे.

स्वतंत्र देशाने काय मोजले?

१९४१ च्या जनगणनेत व्यंगांचा प्रश्न गळला आणि पुढची अनेक दशके परत आला नाही. जातींची सविस्तर मोजणीही १९३१ नंतर थांबली. म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे अंधांचाही हिशोब नव्हता आणि जातींचाही नव्हता.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. १९६३ मध्ये खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपरीचे सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे मान्य केले. हे यश हजारो कर्मचाऱ्यांचे आहे आणि त्याचा आनंदच आहे.

पण अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा कणा झाला तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट. जिल्ह्याला अमुक हजार शस्त्रक्रिया, ते पुरे झाले की काम झाले. जुन्या पद्धतीत डोळ्यातले भिंग काढून टाकत आणि बाहेरून बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. आमच्या लहानपणी वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर तो दोऱ्याने बांधलेला असे. तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा, पण यादीत बरा झालेला. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यांत महाराष्ट्र होता. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणे त्यानंतर सर्रास झाले. तंत्र बदलले, परंतु मोजण्याची रीत बरीचशी तीच राहिली. शस्त्रक्रिया मोजायच्या, दृष्टी मोजायची नाही. एकाच माणसाचे दोन डोळे झाले तर आकडा दोन. ज्याचे एकही झाले नाही तो आकड्यात शून्य.

अलीकडचे मोठे राष्ट्रीय सर्वेक्षण २०१५ ते २०१९ या काळात ३१ जिल्ह्यांत झाले. त्यानुसार देशात अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के निघाले. आधीच्या, २००६-०७ च्या सर्वेक्षणात ते १ टक्का होते. घट नक्कीच झाली आहे. पण मधल्या काळात २०१७ मध्ये अंधत्वाची व्याख्याच बदलली, हे विसरून चालणार नाही. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर ज्याला ६ मीटरवरूनही दिसत नाही, तो आधी अंध धरला जात होता. आता ज्याला ते ३ मीटरवरूनही दिसत नाही, तो अंध. जगाशी तुलना करता यावी म्हणून हा बदल केला, हे ठीक आहे. पण या दोन रेषांच्या मधल्या माणसाला काल दिसत नव्हते आणि आजही दिसत नाही. तो फक्त 'अंध' या रकान्यातून बाहेर पडला.

जनगणनेचेही असेच झाले. २००१ मध्ये दृष्टिदोष असलेले १ कोटी ६ लाख लोक नोंदले गेले, २०११ मध्ये ५० लाख. दहा वर्षांत निम्म्या लोकांना दृष्टी आली, असे कोणी म्हणणार नाही. मोजण्याची व्याख्या बदलली की माणसे कशी नाहीशी होतात, हे लोथियन समितीच्या काळात आपण पाहिलेच आहे.

त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणातले दोन आकडे आम्हाला महत्त्वाचे वाटतात. पन्नाशीपुढच्या निरक्षरांमध्ये अंधत्वाचे प्रमाण ३.२३ टक्के होते, तर दहावी आणि त्यापुढे शिकलेल्यांमध्ये ०.४३ टक्के. सातपटीहून जास्त फरक! दुसरा आकडा असा की या वयात अंधत्वाच्या कारणांमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा वाटा ७.२ टक्के होता. म्हणजे माणच्या आजी एकट्या नाहीत.

शाळेपासून कोणाला पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले, हे सांगण्याची गरज नाही. शिक्षणाचा रकाना आहे, म्हणून एवढे तरी कळले. जगभर असल्या सर्वेक्षणांत वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित फॉर्ममध्ये वय असते, लिंग असते, मोतीबिंदूचे ऑपरेशन का झाले नाही याचे कारणही असते. पण तो फॉर्म जगासाठी बनला आहे, त्यात जात नसते. आपल्या देशात वापरताना ती घालायला हवी होती.

'डोळ्याला कुठे जात असते?'

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, आणि विचारणारे अनेकदा सज्जन असतात. मोतीबिंदू जात विचारून येत नाही, हे अगदी खरे. पण मोतीबिंदू आल्यापासून तो निघेपर्यंतचा रस्ता जातीतून आणि वर्गातून जातो. सोबत कोण येणार, दोन दिवसांची मजुरी कोण देणार, दवाखान्यात 'कुठून आलात' या प्रश्नाचे उत्तर कोणत्या आवाजात द्यायचे, ऑपरेशन बिघडले तर परत जाऊन भांडायची हिंमत कोणात असणार? हे सगळे ठरलेले असते. २०११ च्या जनगणनेत सर्व प्रकारच्या अपंगत्वाचे प्रमाण अनुसूचित जातींत २.४५ टक्के होते. अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांत ते २.१८ टक्के होते. डोळ्याला जात नसेल, पण उपचाराला आहे.

शिवाय बुबुळाचे पाहा. पन्नाशीच्या आतल्या वयात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण बुबुळ पांढरे होणे हे आहे. या वयात त्याचा वाटा ३७.५ टक्के निघाला. आपल्या दोन जिल्ह्यांत उसाची पात कोणाच्या डोळ्यात जाते? खडी फोडताना कपची कोणाच्या डोळ्यात उडते? चष्मा न लावता वेल्डिंग कोण करतो? फडात डोळ्याला लागले की आधी दूध घालतात, मग मेडिकलमधून मिळेल ते ड्रॉप. डोळ्यात फूल पडल्यावरच माणूस तालुक्याला पोचतो. हे डोळे कामावर गेलेले असतात, पण कामगार अपघाताच्या कोणत्या वहीत ते येतात?

सरासरीचाही एक खेळ असतो. कृष्णाकाठचे कराड, वाळवा, पलूस आणि दुष्काळी माण, खटाव, आटपाडी, जत यांची मिळून एकच सरासरी काढली, तर दोन्हीकडचे खरे चित्र हरवते. जतमधून लोक ऊसतोडीला गेलेले असताना तिथे सर्वेक्षण केले, तर घराला कुलूप दिसणार आणि फॉर्मवर 'अनुपस्थित' लिहिले जाणार. म्हणून सर्वेक्षण कोणत्या महिन्यात करायचे, हासुद्धा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जातीचा रकाना दवाखान्याच्या केसपेपरवर असावा, असे आम्ही म्हणत नाही. तिथे तो रुग्णाचा अपमान करायला वापरला जाईल, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. तो सर्वेक्षणात असावा, नावापासून वेगळा ठेवावा आणि तक्त्यांत एकत्रित छापावा.

डोळे तपासणार कोण?

आता मनुष्यबळाकडे येऊ. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालू केले. एका पंगतीत जेवून शिकलेली ती मुले पुढे शिक्षक, अधिकारी झाली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि आरक्षण यांमुळे आपल्या वस्त्यांतूनही डॉक्टर निघाले. मग १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचा रस्ता खुला झाला. ग्रामीण भागात महाविद्यालये वाढली हे मान्य. पण लाखो रुपयांची फी भरून डॉक्टर झालेला तरुण, त्यावर आणखी तीन वर्षे नेत्रविकाराचे शिक्षण घेऊन, जतच्या किंवा दहिवडीच्या वस्तीत बसेल, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

गावपातळीवर प्रत्यक्ष डोळे तपासतात ते नेत्रचिकित्सा अधिकारी. ग्रामीण रुग्णालयात बसायचे, शाळांत जाऊन मुलांचे नंबर काढायचे, शिबिरे लावायची, अहवाल भरायचे, हे सगळे एका माणसाने. त्याच्याखाली आशाताई. गावात कोणाला दिसत नाही हे आशाताईला माहीत असते. गाडीत बसवून नेते तीच, आणि डोळा बिघडला की शिव्या खाते तीच. अहवालावर सही मात्र तिची नसते. वेसकर आणि कुलकर्ण्याची गोष्ट आठवली ना? पाय एकाचे, लेखणी दुसऱ्याची.

चष्म्याचा नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टची देशभर एक नोंदवही असावी, यासाठीचा कायदा २०२१ मध्ये झाला. म्हणजे तोवर देशात त्यांची कायदेशीर नोंदणीच नव्हती. कोण शिकलेला आणि कोण नुसता दुकान टाकून बसलेला, हे रुग्णाला कळायला मार्ग नव्हता. आता नोंदवही होईल तेव्हा त्यात नुसती नावे नकोत. कोण कोणत्या तालुक्यात काम करतो, सरकारी की खाजगी, स्त्री की पुरुष आणि कोणत्या सामाजिक प्रवर्गातून आला, हे त्यातून कळले पाहिजे.

आपले काम

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून देशाची जनगणना होणार आहे आणि तिच्यात जातगणनाही आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच अशी मोजणी होत आहे. आपले सगळे लक्ष जातीच्या रकान्याकडे आहे आणि ते बरोबरच आहे. पण त्याच फॉर्ममधल्या अपंगत्वाच्या प्रश्नाकडेही लक्ष द्या. गणक दारात आला की घरात ज्याला दिसत नाही त्याचे नाव सांगा. 'म्हातारपण आहे, चालायचंच' म्हणून गप्प बसू नका. मागच्या जन्मीचे पाप म्हणून तर मुळीच नाही. बाबासाहेबांनी ते खूळ आपल्या डोक्यातून कधीच काढले आहे.

सरकारकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. दृष्टिदोषाचे तक्ते जात, लिंग आणि तालुक्यानुसार प्रसिद्ध करा. मोतीबिंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी नजर मोजा आणि तो आकडा जिल्ह्याच्या अहवालात छापा. नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांची किती पदे भरली आणि किती रिक्त, हे दर वर्षी तालुकावार जाहीर करा. नेत्रसहाय्यकांचे प्रशिक्षण दुष्काळी तालुक्यांतल्या मुला-मुलींना शिष्यवृत्तीसह द्या. आशाताईंच्या वहीत 'ऑपरेशन झाले' याच्यापुढे 'आता किती दिसते' असा एक रकाना घाला आणि त्या नोंदीचा मोबदला तिला द्या. यातले काहीही आभाळातून आणायचे नाही. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनेही शस्त्रक्रियांच्या संख्येऐवजी परिणामकारक शस्त्रक्रिया मोजण्याचेच लक्ष्य मान्य केले आहे.

सरकार करेपर्यंत थांबायचे कारण नाही. आमच्या गटाने त्या वस्तीपासून एक साधी वही सुरू केली आहे. नाव, वय, दोन्ही डोळ्यांनी किती दिसते, ऑपरेशन कधी झाले, नंतर कोणी तपासले. दहावी-बारावीच्या मुली ती भरतात आणि महिन्यातून एकदा विहारात बसून मोठ्याने वाचतात, म्हणजे जिच्याबद्दल लिहिले ती बाई समोर बसून 'चूक आहे, दुरुस्त कर' म्हणू शकते. पहिल्या पानावर माणच्या त्या आजी आहेत. त्यांच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. तो काढायचा आहे आणि यावेळी पट्टी सुटल्यावर किती दिसते, हे लिहून घ्यायला आम्ही तिथे असणार आहोत.

आपापल्या वस्तीत अशी वही सुरू करा. लेखणी आता आपल्याही हातात आहे.

जयभीम!